एका जावा फाइलीत तीन क्लास लिहिले, मग पाच क्लास फाइली कशा निघाल्या?

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीचा हा प्रश्न आहे. वडिलांच्या आणि शेजारच्या चार-पाच कास्तकारांच्या कापसाचा हिशोब ठेवायला तिनं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. 'कापूसखाते.जावा' या एका फाइलीत तिनं तीन क्लास (माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधणारे कोडचे गट) लिहिले: मुख्य पब्लिक क्लास 'कापूसखाते', त्याच्या पोटात 'पावती', आणि त्याच फाइलीत खाली सुटा 'गाडी'. प्रतीसाठी 'प्रत' नावाचा इनम (ठरावीक नावांचा संच), भावासाठी 'दर' आणि गाड्यांची यादी छापायला 'यादी' अशा तीन फाइली वेगळ्या केल्या. पहिली फाइल कंपाईल केली, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलली, तर तिच्यातून तीनाऐवजी पाच क्लास फाइली आल्या. त्यातली '$१' असं नाव असलेली फाइल कचरा समजून उडवली, तर प्रोग्राम अर्धा चालून बंद पडला. 'दर.जावा'मध्ये नवीन हमीभाव टाकून ती फाइल कंपाईल केली, एकही चूक दाखवली नाही, तरी पावतीवर भाव जुनाच. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्या .जावा फाइली नेल्या तर तिथं कंपाईलच होईना. तिनं विचारलं, "सर, माझा क्लास नेमका कोणत्या फाइलीत असतो?"

बेटा, तुझे चार प्रश्न दिसायला वेगळे आहेत, पण मूळ एकच आहे. तू फाइलीकडे बघतेस आणि जावा चालवणारं मशीन क्लासकडे बघतं. सोर्स फाइल ही माणसासाठी आणि कंपायलरसाठी केलेली सोय आहे. कंपाईल झाल्यावर त्या फाइलीची हद्द पुसली जाते, उरतो तो एकेक क्लास. (खाली सगळी नावं मी देवनागरीत लिहितोय, तू स्क्रीनवर रोमनमध्येच टाईप कर. जावात क्लासचं नाव देवनागरीत ठेवता येतं, ते पहिल्यापासून चालतं. पण पेन ड्राइव्ह आणि जुन्या विंडोजच्या फेऱ्यात अशी नावं बिघडतात, म्हणून कामाच्या प्रोग्राममध्ये नको.)

आपल्याकडचंच उदाहरण घे. एका धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या आत तीन भाऊ वावर वाहतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला ते एकच वावर दिसतं, पऱ्हाटी एका ओळीत उभी असते. पण वाटणी झाली असेल तर पटवाऱ्याकडे त्या एका गटाचे हिस्से पडलेले असतात, ४५/१, ४५/२, ४५/३, आणि प्रत्येकाचा सातबारा वेगळा निघतो. कर्ज काढायला गेलं की बँक सातबारा मागते, धुरा कुठून कुठपर्यंत आहे ते विचारत नाही. तुझी .जावा फाइल म्हणजे तो धुरा, आणि .क्लास फाइल म्हणजे सातबारा. नियम सरळ आहे: जितके क्लास, इंटरफेस, इनम किंवा रेकॉर्ड, तितक्या .क्लास फाइली, मग ते एका सोर्स फाइलीत असोत की दहा.

आता पाचचा हिशोब.

'कापूसखाते.क्लास' आणि 'गाडी.क्लास' या दोन तर सरळच आहेत. 'गाडी' दुसऱ्याच्या फाइलीत राहत असली तरी तिचा सातबारा वेगळा. तिसरी 'कापूसखाते$पावती.क्लास'. 'पावती' तू 'कापूसखाते'च्या महिरपी कंसात लिहिलीस, म्हणून कंपायलरनं बाहेरच्याचं नाव, मग डॉलरचं चिन्ह, मग आतल्याचं नाव असं जोडलं. ४५/१ मधल्या तिरप्या रेघेचं काम इथं डॉलर करतो. याला इतिहास आहे. जावाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली तेव्हा क्लासच्या आत क्लास लिहिण्याची सोयच नव्हती. ती १९९७ मध्ये १.१ या आवृत्तीत आली. पण चालवणाऱ्या मशीनला आतला-बाहेरचा हा भेद तेव्हा शिकवलाच नाही, त्याच्या लेखी सगळे क्लास एका पातळीवर. तो भेद कंपायलरनं नावातून निभावला. पुढं २०१८ मध्ये ११ व्या आवृत्तीत हे क्लास एकाच घरातले आहेत आणि एकमेकांच्या प्रायव्हेट गोष्टींना हात लावू शकतात, एवढं मशीनला कळायला लागलं. फाइली मात्र अजूनही वेगळ्याच निघतात.

चौथी 'कापूसखाते$१.क्लास'. तू गाड्या वजनानुसार लावताना कंपॅरेटर, म्हणजे दोन गाड्यांत आधी कोणती ते ठरवणारा कोड, जागच्या जागी, नाव न देता लिहिलास. नाव नसलं तरी तो क्लासच आहे, आणि क्लास आहे म्हणजे त्याला फाइल हवी. नाव नाही म्हणून कंपायलरनं नंबर दिला. हीच तू उडवलीस. तोच कंपॅरेटर लॅम्डानं, म्हणजे बाणाच्या खुणेनं लिहिला असतास तर ही फाइल निघालीच नसती. लॅम्डा २०१४ मध्ये ८ व्या आवृत्तीबरोबर आला. त्याचा कोड बाहेरच्याच क्लासमध्ये एक लपलेली मेथड (एका कामाचा तुकडा) म्हणून बसतो आणि बाकीची जुळणी चालताना होते.

पाचवी 'कापूसखाते$२.क्लास'. ही तू कुठंच लिहिलेली नाहीस, म्हणून तू गोंधळलीस ते बरोबर आहे. मी ही फाइल पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही दोन दिवस लागले होते उलगडायला. मला जावातली ही जागा फार आवडते, म्हणून जरा थांबून सांगतो.

'प्रत' या इनममध्ये तू 'लांब' आणि 'मध्यम' अशा दोन किमती ठेवल्यास आणि 'कापूसखाते'मध्ये त्यावर स्विच, म्हणजे किमतीप्रमाणे वाट निवडणारा कोड, लिहिलास. मशीनला स्विच चालवायला आकडे लागतात. इनमच्या प्रत्येक किमतीला तिच्या क्रमाप्रमाणे आकडा असतोच: लांब शून्य, मध्यम एक. मग कंपायलरनं तेच आकडे 'कापूसखाते.क्लास'मध्ये थेट का लिहिले नाहीत? कारण त्याला ठाऊक आहे की 'प्रत.क्लास' ही वेगळी फाइल आहे आणि उद्या ती एकटीच बदलू शकते. समज, तू पुढच्या हंगामात 'प्रत.जावा'मध्ये सगळ्यात वर 'फरतड' (हंगाम संपल्यावरचा हलका कापूस) घातलंस आणि तेवढीच फाइल कंपाईल केलीस. आता लांब एक झाला, मध्यम दोन झाला. 'कापूसखाते.क्लास'मध्ये जुने आकडे कोरलेले असते तर फरतडीला लांब धाग्याचा भाव लागला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. हे टाळायला कंपायलर एक छोटा क्लास स्वतःहून तयार करतो. प्रोग्राम चालू असताना तो इनमच्या किमती नावानं शोधतो आणि नाव-आकडा असा तक्ता मांडतो. तो तक्ता म्हणजे तुझी पाचवी फाइल. इनम वेगळ्या फाइलीत असला की बहुतेक आवृत्त्यांमध्ये ती निघते.

म्हणजे क्लास फाइली एकमेकींपासून सुट्या आहेत हे कंपायलर स्वतः गृहीत धरतो आणि इथं त्यासाठी जास्तीची मेहनत घेतो. हे ध्यानात ठेव, कारण तुझ्या भावाच्या बाबतीत त्यानं ही मेहनत घेतलेली नाही.

भाव का बदलला नाही ते बघू. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२३-२४ च्या हंगामात क्विंटलला ७,०२० रुपये होता, २०२४-२५ मध्ये तो ७,५२१ झाला. तू 'दर.जावा'मध्ये 'पब्लिक स्टॅटिक फायनल' म्हणून आधी ७०२० लिहिलं होतंस, ते ७५२१ केलंस, 'दर.जावा' कंपाईल केलीस आणि 'कापूसखाते' चालवलंस. 'दर.क्लास'मध्ये नवा आकडा बरोबर गेला. पण 'कापूसखाते.क्लास' आता 'दर'ला काही विचारतच नाही. स्टॅटिक फायनल आहे, साधा आकडा किंवा मजकूर आहे, आणि किंमत कंपाईल होतानाच कळते आहे, असं असलं की कंपायलर त्याला न बदलणारं मानतो आणि तो आकडा वापरणाऱ्याच्या क्लासमध्ये उतरवून टाकतो. तू जेव्हा पहिल्यांदा 'कापूसखाते' कंपाईल केलंस तेव्हाच ७०२० तिथं छापला गेला. मूळ वही बदलली, पण उतारा जुनाच राहिला.

डोळ्यानं पाहायचं असेल तर जावापी नावाचं हत्यार जावाबरोबरच मिळतं. 'जावापी -सी कापूसखाते' असं दे. क्लासच्या आतला बाइटकोड, म्हणजे मशीन वाचतं त्या सूचना, दिसेल आणि हिशोबाच्या जागी ७०२० हा आकडाच बसलेला सापडेल, 'दर'चं नावही तिथं नसेल. लॅबमध्ये लिनक्स असेल तर एक काळजी घे: '$१' असलेलं नाव देताना ते एकेरी अवतरणात टाक. नाहीतर लिनक्सचा शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) '$१' ला स्वतःचं चिन्ह समजून गिळतो आणि तुला आतल्याऐवजी बाहेरचाच क्लास दाखवतो. यात बरीच पोरं चकतात.

तू त्या दिवशी 'दर.जावा'ऐवजी 'कापूसखाते.जावा' कंपाईल केली असतीस तर गंमत म्हणजे सगळं ठीक झालं असतं. 'कापूसखाते' नव्यानं तयार झाला असता आणि त्यात 'दर'चा उल्लेख दिसल्यावर जावासी कंपायलरनं 'दर.जावा'ची तारीख 'दर.क्लास'पेक्षा नवी आहे हे बघून तीही कंपाईल केली असती. मात्र या तारखेवरही फार विसंबू नकोस. आपल्याकडच्या जुन्या डेस्कटॉपमधला बटणासारखा सेल संपलेला असतो, लाइन गेली की मशीनची तारीख कित्येक वर्षं मागं जाते. मग आज लिहिलेली सोर्स फाइल कालच्या क्लास फाइलीपेक्षा जुनी दिसते आणि कंपायलर जुनी क्लास फाइलच खरी धरतो.

वीस क्विंटल कापसाला ७,०२० नं १,४०,४०० रुपये होतात आणि ७,५२१ नं १,५०,४२०. फरक १०,०२० रुपयांचा. तुझ्या वडिलांनी तुझा कागद घेऊन केंद्रावर हिशोब जुळवायला जायचं, म्हणजे हा प्रश्न परीक्षेतल्या दोन मार्कांचा राहत नाही.

मी हे स्वतः भोगलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका पतसंस्थेसाठी मुदत ठेवीच्या पावत्यांचं काम मी जावात केलं होतं. व्याजदर असाच एका क्लासमध्ये स्टॅटिक फायनल. दर बदलला तेव्हा तालुक्याला फोनच्या लाइनवरचं इंटरनेट होतं, पूर्ण प्रोग्राम पाठवायला अर्धा दिवस लागायचा. म्हणून मी फक्त बदललेली तेवढी एक क्लास फाइल पाठवली. माझ्या मशीनवर सगळं कंपाईल केलेलं होतं, त्यामुळे माझ्याकडे नवा दर दिसत होता. तिथं तीन आठवडे जुन्या दरानं पावत्या छापल्या गेल्या. चूक माझी होती. मी जाऊन तिथल्या कारकुनाबरोबर बसलो आणि एकेक पावती हातानं दुरुस्त केली. एका म्हाताऱ्या बाईंची पावती बदलून द्यायला त्यांच्या गावी गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मंग पहिला कागद खोटा होता का बाप्पा?" त्या दिवसापासून मी दरवर्षी बदलणारी गोष्ट फायनल कॉन्स्टंट म्हणून कधीही लिहिली नाही.

तूही लिहू नकोस. जावाच्या अधिकृत नियमावलीतही हीच सूचना आहे: जे खरोखर कधी बदलणार नाही तेच असं उघड कॉन्स्टंट ठेवा, बाकीचं प्रायव्हेट ठेवून मेथडमधून द्या. क्विंटलचे किलो शंभर, हे चालेल. हमीभाव चालणार नाही. 'दर'मध्ये भाव परत देणारी मेथड लिही म्हणजे 'कापूसखाते'ला प्रत्येक वेळी 'दर'ला विचारावंच लागेल. त्याहून चांगलं म्हणजे भाव एका साध्या मजकुराच्या फाइलीत हंगामाप्रमाणे ठेव आणि चालताना वाच. मग पुढच्या दिवाळीत कंपायलरची गरजच पडणार नाही, घरचं कुणीही आकडा बदलू शकेल.

'$१' उडवल्यावर प्रोग्राम सुरू झाला, पावत्या छापल्या, आणि यादी लावायच्या जागी 'नोक्लासडेफफाउंडएरर' देऊन बंद पडला. सुरुवातीलाच का नाही पडला? कारण मशीन सगळे क्लास एकदम उचलत नाही. ज्या क्लासची गरज पडेल तो, गरज पडेल तेव्हा, नावानं शोधून आणतं. कंपॅरेटरची गरज यादी लावताना पडली, तेव्हा ते 'कापूसखाते$१' शोधायला गेलं आणि रिकाम्या हातानं आलं. म्हणून क्लास फाइल गहाळ आहे हे कधीकधी महिनाभरानं, एखादं क्वचित लागणारं बटण दाबल्यावर कळतं. कोणता क्लास कुठून आला हे पाहायला चालवताना '-व्हर्बोज:क्लास' लाव. शेकडो ओळी येतील, त्यात जावाचे स्वतःचेच क्लास जास्त असतील, पण तुझ्या नावाच्या ओळींसमोर कोणत्या फोल्डरातून किंवा कोणत्या जार फाइलीतून तो उचलला हे लिहिलेलं असतं. "माझा क्लास नेमका कोणत्या फाइलीत?" याचं सगळ्यात खरं उत्तर ही ओळ देते.

याच कारणानं 'जावा कापूसखाते' अशी आज्ञा द्यायची असते, मागं '.क्लास' लावायचं नसतं. आपण मशीनला क्लासचं नाव सांगतो, फाइलीचं सांगत नाही. '.क्लास' लावलं तर ते 'कापूसखाते' नावाच्या पॅकेजमधला 'क्लास' नावाचा क्लास शोधायला निघतं आणि मेन क्लास सापडला नाही म्हणून सांगतं. पॅकेज म्हणजे फोल्डर हे तुला शिकवलं असेलच. तिथं एवढंच बघ की पॅकेज दिल्यावर नावही पूर्ण द्यायचं आणि आज्ञा त्या फोल्डराच्या बाहेर, वरच्या पातळीवर उभं राहून द्यायची. आत जाऊन दिली की चुकतं.

आता लॅब. घरी चालणारं तिथं का कंपाईल झालं नाही?

पब्लिक क्लासला फाइलीचं नावही तेच लागतं, वेगळं दिलं तर जावासी लगेच अडवतो. यामागं मशीनची काही गरज नाही, चालताना कुणी .जावा फाइल उघडूनही पाहत नाही. ही सोय कंपायलरच्या शोधाशोधीची आहे. कोडमध्ये 'प्रत' दिसलं की तो 'प्रत.क्लास' किंवा 'प्रत.जावा' शोधतो. नाव आणि फाइल जुळत असेल तर त्याला प्रत्येक फाइल उघडून बघावी लागत नाही. एका फाइलीत दोन पब्लिक क्लास चालत नाहीत तेही त्यामुळंच, एका फाइलीला दोन नावं कशी देणार?

'गाडी' पब्लिक नाही, म्हणून ती 'कापूसखाते.जावा'च्या पोटात राहू शकली. पण 'यादी.जावा'मध्येही तू 'गाडी' वापरलीस. घरी तू नेहमी आधी 'कापूसखाते' कंपाईल करायचीस, त्यामुळे 'गाडी.क्लास' फोल्डरात पडलेली असायची आणि 'यादी'ला ती मिळायची. लॅबमध्ये तू फक्त .जावा फाइली नेल्यास आणि 'यादी.जावा' आधी कंपाईल केलीस. कंपायलरनं 'गाडी.क्लास' शोधली, नाही. 'गाडी.जावा' शोधली, तीही नाही. 'कापूसखाते.जावा'त गाडी दडलेली आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. म्हणून 'कॅनॉट फाइंड सिंबॉल'. जावासीला '-एक्सलिंट' लावलंस तर तो आधीच इशारा देतो की हा क्लास दुसऱ्याच नावाच्या फाइलीत आहे, बाहेरून वापरू नका. माझं मत ठाम आहे: जो क्लास दुसऱ्या फाइलीतून वापरला जातो, त्याला स्वतःची फाइल द्यावी. फक्त शेजारच्याच क्लासच्या कामाचा असेल तर त्याच्या पोटात, 'पावती'सारखा ठेवावा. सुटा पण दुसऱ्याच्या फाइलीत, हा मधला प्रकार कुठंच कामाचा नाही.

जुनी क्लास फाइल पडून राहिली की असं फसवते. उद्या तू 'गाडी'चं नाव बदलून 'बंडी' केलंस तर 'बंडी.क्लास' नवी निघेल, पण 'गाडी.क्लास' आपोआप जाणार नाही. 'यादी'मध्ये जुनं नाव राहून गेलं तरी घरी बिनबोभाट चालेल.

अजून एक, आणि हे मराठी माध्यमातून आलेल्या पोरांसाठी मुद्दाम सांगतो. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही. इंग्रजीतलं कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी अक्षरं आहेत हे आपल्या डोळ्याला पटकन टोचत नाही, त्यात कमीपणा काही नाही. विंडोजही फाइलीच्या नावात तो भेद मानत नाही, म्हणून सवय तशीच राहते. जावा मात्र मानतो आणि लिनक्सही मानतो. फाइलीचं नाव स्मॉल अक्षरानं आणि क्लासचं कॅपिटलनं असं ठेवून लॅबमधल्या लिनक्सवर नेलं की अडतंच. आणि विंडोजवर फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेले दोन क्लास केलेस तर दोघांची क्लास फाइल एकमेकांवर लिहिली जाते आणि एक क्लास गायब होतो. क्लासचं पहिलं अक्षर कॅपिटल, फाइलीचंही तेच, असा हात बसवून घे.

लॅबमध्ये तू .जावाऐवजी क्लास फाइली नेल्या असत्यास तर वेगळीच अडचण आली असती. तुझ्या लॅपटॉपवर जावा १७ आहे, लॅबमध्ये ८ आहे असं तू लिहिलंस. प्रत्येक क्लास फाइलीची सुरुवात चार ठरलेल्या बाइटनं होते. सोळाच्या अंकपद्धतीत वाचलं तर ते 'कॅफेबेब' असं दिसतं, ती या फाइलीची ओळखखूण. त्याच्या पाठोपाठ आवृत्तीचा आकडा असतो: जावा ८ चा ५२, ११ चा ५५, १७ चा ६१, २१ चा ६५. जुनं मशीन नवा आकडा पाहिला की 'अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर' देऊन हात वर करतं. नव्या मशीनवर जुनी फाइल मात्र चालते. घरी कंपाईल करताना '--रिलीज ८' दिलंस तर ५२ चीच फाइल निघेल. फक्त मग ८ नंतर आलेली रेकॉर्डसारखी सोय वापरता येणार नाही.

तुझ्या मैत्रिणीनं म्हटलं की जावा ११ पासून कंपाईल करावंच लागत नाही, 'जावा कापूसखाते.जावा' इतकंच पुरतं. ते खरं आहे, पण अर्धंच. कंपाईल होतंच, फक्त मेमरीत होतं आणि डिस्कवर क्लास फाइल पडत नाही. या पद्धतीत फाइलीतला पहिला क्लास चालवला जातो. शेजारच्या .जावा फाइली त्यात धरल्या जाणं २२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून सुरू झालं. तुझ्या १७ वर चार फाइलींचा प्रोग्राम असा चालवायला जाऊ नकोस. एखादी गोष्ट करून बघायला ही पद्धत छान आहे.

दुसऱ्या भाषांत जाशील तेव्हा हा हिशोब सोबत नेऊ नकोस, कारण तो जावाचा आहे. सी++ मध्ये क्लासची माहिती हेडर फाइलीत आणि कोड दुसरीकडे असतो. कंपायलर प्रत्येक सोर्स फाइलीची एक ऑब्जेक्ट फाइल काढतो, त्यात क्लास किती याच्याशी त्याला घेणं नसतं, आणि लिंकर मग सगळ्यांची एक मोट बांधतो. सी शार्पमध्ये फाइलीचं आणि क्लासचं नाव जुळायची सक्ती नाही, एक क्लास दोन-तीन फाइलींत तुकड्यानं लिहिता येतो, आणि निघते ती सगळ्यांची मिळून एक डीएलएल किंवा ईएक्सई. पायथनमध्ये फाइल हेच मॉड्यूल, तिच्यात कितीही क्लास असोत, साठवलेली कंपाईल फाइल त्या मॉड्यूलची एकच. कोटलिन जावाच्याच मशीनवर चालते, म्हणून तिथं पुन्हा क्लासमागं एक फाइल. क्लासच्या बाहेर सुटं फंक्शन लिहिलं तर त्यासाठी कोटलिन फाइलीच्या नावाचा एक क्लास स्वतःच तयार करते.

शेवटी तुझ्या फोल्डरचं काम. 'गाडी'ला 'गाडी.जावा' ही स्वतःची फाइल दे. मग पाचही .जावा फाइली 'एसआरसी' नावाच्या फोल्डरात हलव. आत्ता असलेल्या सगळ्या .क्लास फाइली पुसून टाक, एकही ठेवू नको. त्या पुन्हा निघतात, सोर्स पुन्हा निघत नाही, म्हणून पुसताना नावाचा शेवट दोनदा वाच. मग 'जावासी --रिलीज ८ -डी बिल्ड एसआरसी/*.जावा' अशी सगळी सोर्स एकदम दे. '-डी' मुळे क्लास फाइली 'बिल्ड' फोल्डरात जातील आणि सोर्समध्ये मिसळणार नाहीत. चालवताना 'जावा -सीपी बिल्ड कापूसखाते'. पुढं काहीही बदललंस, एक आकडा का असेना, 'बिल्ड' पूर्ण रिकामं कर आणि पुन्हा सगळं कंपाईल कर. एवढ्या फाइलींना काही सेकंद लागतात.

लॅबमध्ये न्यायला 'बिल्ड' मधून जार फाइल कर. जार म्हणजे साधी झिप फाइलच, त्यात तुझ्या सगळ्या क्लास फाइली एका गाठीत बसतात आणि '$१' मागं राहून जायची भीती उरत नाही. 'जार सीएफई कापूस.जार कापूसखाते -सी बिल्ड .' असं लिही, '-सी' मधला सी इथं कॅपिटल, आणि शेवटचं टिंब विसरू नको. लॅबमध्ये 'जावा -जार कापूस.जार'. वडिलांच्या हाती पावती देण्याआधी वीस क्विंटलची एक पावती काढून १,५०,४२० येतात का ते बघ आणि मला कळव.